खुब्याच्या अस्थिभंगातील इम्प्लांट-अपयशाचा अंदाज

मोडलेल्या खुब्यात बसवलेला स्क्रू, प्लेट किंवा रॉड हाड जुळेपर्यंत टिकेल की नाही, हे एक्स-रेवरची मापे, हाडाची प्रत आणि अस्थिभंगाचा प्रकार यांवरून आधीच ताडण्याची पद्धत. इम्प्लांट जन्मभर भार वाहण्यासाठी नसतो. पावलागणिक धातू किंचित वाकतो. हाड वेळेत जुळले तर भार हाड उचलते, नाही तर धातू थकून तुटतो. म्हातारपणच्या ठिसूळ हाडात मात्र बहुधा हाडच आधी हार मानते. मांडीच्या हाडाचा गोळा आतल्या अंगाला कलंडतो आणि स्क्रूचे टोक गोळा फोडून वर निघते. डॉक्टर याला ‘कट-आउट’ म्हणतात, घरचे म्हणतात ‘स्क्रू बाहेर आला’.

यातले सर्वांत कामाचे माप म्हणजे टिप-अपेक्स अंतर, बोलीत ‘टॅड’. स्क्रूच्या टोकापासून गोळ्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर समोरच्या एक्स-रे फोटोवर आणि बाजूच्या फोटोवर मोजायचे आणि दोन्हींची बेरीज करायची. फोटोत सगळेच मोठे दिसते, म्हणून स्क्रूच्या खऱ्या जाडीशी ताळा घ्यावा लागतो. ८ मिमीचा स्क्रू फोटोत १० मिमी भरला, तर मोजलेले १५ मिमी हे खरे १२. बाजूच्या फोटोवर असाच ताळा घेऊन खरे १० आले, तर टॅड २२. अस्थिशल्यविशारद बॉमगार्टनर व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये १९८ अस्थिभंग तपासले. टॅड २५ मिमी किंवा कमी असलेल्या एकाही रुग्णात कट-आउट झाला नव्हता. तेव्हापासून २५ हा आकडा शस्त्रक्रियागृहात पाठ झाला. स्क्रू गोळ्याच्या मधोमध असावा. वरच्या-पुढच्या कोपऱ्यात गेलेला सर्वांत धोक्याचा.

पण टॅड चांगला म्हणून निर्धास्त राहता येत नाही. मोडलेले तुकडे नीट न जुळवता, गोळा कलंडलेल्या स्थितीतच स्क्रू मारला, तर आकडा उत्तम येऊनही इम्प्लांट फसतो. भेग आतून वरून बाहेर खाली उतरत असेल, म्हणजे उलटी तिरकी, तर डीएचएस (डायनॅमिक हिप स्क्रू) प्लेटचा सरकता स्क्रू तुकडे दाबून बसवण्याऐवजी एकमेकांपासून दूर नेतो. अशा ठिकाणी हाडाच्या पोकळीत आतून घातलेला रॉड बरा. मांडीच्या हाडाची बाहेरची भिंत २०.५ मिमीपेक्षा पातळ असली, तर प्लेट बसवताना किंवा नंतर ती फुटण्याची भीती असते. दोन स्क्रूंच्या रॉडमध्ये कधी एक स्क्रू आत घुसतो आणि दुसरा बाहेर सरकतो, त्याला ‘झेड इफेक्ट’ म्हणतात.

हाडाची प्रत ठरवायला सिंग, नागरथ आणि मैनी यांनी १९७० मध्ये खुब्यातल्या जाळीदार रेषांवरून ६ (चांगले हाड) ते १ (सर्वांत ठिसूळ) अशी श्रेणी सुचवली. भारतात जन्मलेली ही पद्धत सोपी आहे, फक्त एकाच फोटोला दोन डॉक्टर दोन श्रेण्या देऊ शकतात. मांडीच्या हाडाच्या मानेच्या, म्हणजे गोळ्याखालच्या अरुंद भागाच्या, अस्थिभंगाचे गणित वेगळे. तिथे गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटू शकतो, आणि भेग जितकी उभी तितकी स्क्रूंची पकड सुटण्याची शक्यता जास्त. म्हणून तुकडे सरकलेल्या वयस्कर रुग्णात स्क्रूंपेक्षा बहुतेक वेळा ‘बॉल बदलतात’, म्हणजे कृत्रिम गोळा बसवतात.

ठाण्यात इम्प्लांट फसला की घरच्यांचा पहिला संशय चालण्यावर जातो: ‘लवकर उभं केलं म्हणून झालं.’ नौपाड्यातल्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत आजींना तिसऱ्या मजल्यावर खुर्चीत बसवून नेतात आणि पुढे महिनोन्‌महिने खाली पाऊल टाकू देत नाहीत. ही काळजी सहसा चुकीच्या जागी खर्च होते. कट-आउटची बीजे बहुतेकदा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच, सी-आर्मच्या (शस्त्रक्रिया चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यासमोर पडलेली असतात. उलट अंथरुणाला खिळल्याने छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात. वॉकर धरून, डॉक्टरांनी सांगितले तितका भार टाकत चालणे बहुतेकांना चालते. मोरीच्या उंबऱ्यावरून पुन्हा पडणे मात्र खरोखर घात करते. कमी होत आलेले दुखणे पाय टेकताच पुन्हा वाढले, पाय आखूड दिसू लागला किंवा पंजा बाहेर वळला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

अंदाजाला लागते ती तुलना: शस्त्रक्रियेनंतरचा पहिला फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवायचे, गोळ्याचा कोन बदलला का पाहायचे. मुरबाड-शहापूरहून ठाण्याला आलेल्या माणसाची एक्स-रेची पिवळी पाकिटे बरेचदा घरच्या कपाटावर राहिलेली असतात, आणि मोबाइलवर दाखवलेला फोटो खिडकीच्या काचेला टेकवून तिरका काढलेला असतो. त्यावर स्क्रू दिसतो, मिलिमीटर मोजता येत नाहीत.