दोन ग्राफिक्स कार्डांची जोडी आणि २०१६ चा निर्णय : पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर गणितं सोडवून ते कमावणं) बंद झालं आणि त्यासाठी घेतलेली कार्डं सेकंडहँड बाजारात आली. तेव्हापासून ठाणे, ऐरोली, नेरुळकडची पीसी असेंबल करणारी मुलं एक जुना प्रश्न नव्याने विचारू लागली आहेत : एका महागड्या कार्डाऐवजी दोन जुनी घेऊन जोडली तर? नव्या गेमसाठी याचं उत्तर जवळजवळ ‘नाही’ असंच आहे. ते तसं का झालं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे जायची गरज नाही. १९९८ च्या वूडू-२ कार्डांनी पडद्यावरच्या ओळी आपसात वाटून घेतल्या होत्या; त्या जोडणीचं नाव एसएलआय. २००४ मध्ये पीसीआय एक्स्प्रेस या नव्या स्लॉटबरोबर एनव्हिडियाच्या जीफोर्स ६८०० ने एसएलआय हे नाव परत आणलं आणि पुढच्याच वर्षी प्रतिस्पर्धी रेडिऑन कार्डांची (आज एएमडीची) तशीच जोडणी, क्रॉसफायर, आली. क्रॉसफायरमध्ये एक ‘मास्टर’ कार्ड वेगळं घ्यावं लागे आणि जोडणीची केबल कॅबिनेटच्या बाहेरून जाई. एसएलआयसाठी मदरबोर्डची चिपसेटही एनव्हिडियाचीच लागायची. ही अडवणूक २००८ मध्ये इंटेलच्या एक्स५८ चिपसेटच्या बोर्डांना परवाना मिळाल्यावर सैल झाली. त्या काळात ठाणे-नवी मुंबईत भारनियमन होतं आणि घरात यूपीएसवर एक कार्ड चालवणंच जिकिरीचं होतं. दोन कार्डं ही लॅमिंग्टन रोडच्या दुकानात बघून यायची गोष्ट होती.

ती घरात आली २०१० नंतर. जुलै २०१० मध्ये आलेल्या जीटीएक्स ४६० ची जोडी बऱ्याच गेममध्ये एनव्हिडियाच्या त्या वेळच्या सर्वांत महाग जीटीएक्स ४८० ला मागे टाकायची. नोकरदार घरातल्या मुलासाठी हे गणित फार मोलाचं होतं. दिवाळीच्या बोनसमधून एक कार्ड घ्यायचं, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) मात्र पहिल्यापासूनच दणकट घ्यायचा, आणि वर्ष-दीड वर्षाने भाव उतरले की तेच मॉडेल दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवायचं. २०१४ चं जीटीएक्स ९७० जेमतेम १४५ वॉट खायचं, त्यामुळे दोन बसवली तरी वीज आणि उष्णता आवाक्यात राहायची. मे महिन्यातल्या घामट दुपारी बंद खोलीत गेम खेळणाऱ्याला यातला फरक नेमका कळतो.

जोडीत दोष होतेच, ते झाकण्यात अर्थ नाही. दोन्ही कार्डं आळीपाळीने एकेक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एकेक चित्र, काढत. दोन फ्रेम पाठोपाठ यायच्या आणि मग खंड पडायचा, म्हणून सेकंदाला ६० फ्रेम असा आकडा दिसत असला तरी डोळ्यांना अडखळल्यासारखं वाटे. २०१३ मध्ये चाचण्या करणाऱ्यांनी प्रत्येक फ्रेमचा वेळ मोजायला सुरुवात केली तेव्हा क्रॉसफायरचं पितळ उघडं पडलं आणि ऑगस्टमध्ये ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) दुरुस्ती आली. मेमरीचाही घोळ होता. प्रत्येक कार्डाला गेमचा सगळा डेटा स्वतःजवळ ठेवावा लागे, म्हणून ४ आणि ४ जीबी मिळून खेळताना ४ च राही. ‘८ जीबी’ म्हणून विकलेल्या दोन चिपांच्या कार्डांनी यात अनेकांची फसगत केली.

तरीही जोडी या दोषांमुळे मेली असं मला वाटत नाही. खरा वार २०१६ मध्ये झाला. त्या मे महिन्यात जीटीएक्स १०८० बाजारात आणताना एनव्हिडियाने अधिकृत पाठिंबा दोनच कार्डांपुरता ठेवला. तीन-चार कार्डांसाठी वेगळी ‘की’ (सोय उघडणारा कोड) देऊ असं सांगून काही आठवड्यांतच ते रद्द केलं. ओरड याचीच जास्त झाली, पण चार कार्डं लावणारे होते किती? जुलैमध्ये जीटीएक्स १०६० आलं आणि त्यावर एसएलआयचा कनेक्टरच नव्हता. आधीच्या ९६० वर तो होता. ‘आज एक, पुढे दुसरं’ हा मार्ग ज्या किमतीच्या कार्डावर उभा होता, तिथेच तो कापला गेला. ज्यांना १०७० किंवा १०८० परवडतं त्यांनाच जोडी मिळणार, असा त्याचा अर्थ झाला. त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या बाजूने, म्हणजे एएमडीने, दोन आरएक्स ४८० एका १०८० पेक्षा स्वस्तात जास्त फ्रेम देतात असं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. ते एकाच, जोडीसाठी खास तयार केलेल्या गेममध्ये होतं हे खरं, पण स्वस्त कार्डांच्या जोडीची भीती महाग कार्ड विकणाऱ्याला का वाटावी, हे त्यातून कळतं.

एनव्हिडियाची बाजूही पोकळ नव्हती. नव्या गेममध्ये कडा गुळगुळीत करायला आधीच्या फ्रेमची माहिती वापरू लागले होते. ती फ्रेम शेजारच्या कार्डात असेल तर तिची वाट पाहण्यात सगळा फायदा जातो. त्यात २०१५ च्या डायरेक्टएक्स १२ ने (विंडोजवरचे गेम आणि कार्ड यांच्यातला दुवा) दोन कार्डं सांभाळायचं काम ड्रायव्हरकडून काढून गेम बनवणाऱ्यांवर टाकलं. कन्सोलमध्ये एकच चिप असते, मग मूठभर पीसीवाल्यांसाठी ही मेहनत कोण घेणार? पण ती मूठ आणखी लहान केली १०६० च्या निर्णयाने, आणि पुढे ‘वापरणारेच उरले नाहीत’ हे कारण त्याच आधारावर पुढे केलं गेलं.

बाकीचा क्रम सरळ आहे. २०१७ मध्ये क्रॉसफायर हे नाव मागे पडलं, २०१९ च्या आरएक्स ५७०० ला ती सोयच नव्हती. २०२० मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या गेमिंग कार्डांत जोडणीचा कनेक्टर फक्त आरटीएक्स ३०९० वर राहिला. १ जानेवारी २०२१ पासून एसएलआयची नवी प्रोफाइल (नव्या गेमसाठी ड्रायव्हरमधली जोडीची तयारी) देणं थांबलं, आणि २०२२ च्या ४०९० वर कनेक्टरही उरला नाही.

आता दुसरा स्लॉट पुन्हा भरू लागलाय, तो वेगळ्या कामासाठी. काही जण गेम एका कार्डावर चालवून मधल्या कृत्रिम फ्रेम दुसऱ्यावर तयार करतात. इंजिनीअरिंगची मुलं घरच्या घरी भाषा-मॉडेल (चॅटबॉटमागची एआय) चालवायला दोन ३०९० लावतात. इथे मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटले जातात, म्हणून २४ आणि २४ जीबी खरोखर ४८ च्या उपयोगाला येतात आणि कार्डं जोडणारी पट्टी (ब्रिज) नसली तरी चालतं. मात्र एकेक कार्ड ३५० वॉटचं आहे, तेव्हा एसएमपीएस आणि महिन्याचे ३०० युनिटच्या पुढचे दर आधी बघावेत. आजच्या बऱ्याच मदरबोर्डवर दुसरा लांब स्लॉट चारच लेनचा (डेटाच्या वाटांचा) असतो. मॉडेल चालवायला तो बहुधा पुरतो, पण बोर्ड घेण्याआधी मॅन्युअल उघडून खात्री करून घ्यावी.