कामावर जखम झाली, तर डॉक्टर कोणाचा?

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत पॉवर प्रेसखाली बोटं सापडली, की पहिल्या तासात डॉक्टर निवडायचा विषय कोणी काढत नाही. सुपरवायझर गाडीत घालून नेईल तिथे जखमी जातो. वाद सुरू होतो तो टाके निघाल्यावर. तेव्हा दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात: पुढचे उपचार कोणाकडे घ्यायचे, आणि हाताचं किती टक्के नुकसान झालं हे कोणी लिहून द्यायचं. कायद्याने या दोहोंची नीट फारकत कधी केलीच नाही.

नागपुरात अपघाताची भरपाई कायद्याच्या आधीपासून आहे. १८७७ साली इथे सुरू झालेल्या कापड गिरणीने १८९५ पासून जखमी कामगारांना पैसे द्यायला सुरुवात केली होती. ती मालकाची मर्जी होती, त्यामुळे डॉक्टरही मालकाचाच असणार. मग १९२३ चा कामगार भरपाई कायदा आला, १ जुलै १९२४ पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम ११ ने या मर्जीला कायद्याची भाषा दिली.

हे कलम एकदा शांतपणे वाचायला हवं, कारण ते न वाचताच त्याचे दाखले दिले जातात. कामगाराने अपघाताची नोटीस दिली आणि ती पोचल्यापासून तीन दिवसांच्या आत मालकाने फुकट तपासणी देऊ केली, तर कामगाराने ती करून घ्यायचीच. नकार दिला किंवा अडथळा आणला, तर भरपाईचा हक्क तेवढ्या काळापुरता स्थगित. तपासणी व्हायच्या आत कामाचा परिसर सोडून निघून गेला, तरी स्थगित. परत येऊन तपासणीला हजर होईपर्यंत. कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खोटं दुखणं घेऊन बसणारा कामगार होता, हे लपत नाही. बालाघाट, गोंदिया किंवा छत्तीसगडहून इथे आलेला ठेक्यावरचा माणूस हात बांधून गावी जातो तो आईने भाकरी भरवावी म्हणून. कायद्याच्या भाषेत मात्र त्याने 'ठिकाण सोडलेलं' असतं.

पण हे झालं तपासणीचं. उपचारांची गोष्ट वेगळी आहे, आणि इथेच कंपन्यांची ऑफिसं सोयीस्कर घोळ घालतात. 'आमच्या डॉक्टरकडे उपचार घेतले नाहीत तर काही मिळणार नाही' असं सर्रास सांगितलं जातं. कायदा असं म्हणत नाही. मालकाने देऊ केलेला डॉक्टर कामगाराने नाकारला, ते नाकारणं परिस्थिती पाहता अवास्तव होतं, त्यानंतर दुसऱ्या कुठल्याही पात्र डॉक्टरकडे त्याने नियमित उपचार घेतले नाहीत आणि त्यामुळे जखम चिघळली, एवढं सगळं सिद्ध झालं तरच भरपाई कमी होते. तीही शून्य होत नाही; नीट उपचार झाले असते तर जेवढी इजा उरली असती, तेवढीच धरली जाते. म्हणजे आपल्या ओळखीच्या डॉक्टरकडे जायला आडकाठी नव्हती. फक्त तो डॉक्टर सरकारी नोंदवहीत असायला हवा. हाडवैद्याकडे पट्टी बांधून घेणाऱ्यांची इथे पंचाईत होते. हाड जुळतं कधी कधी, पण कागद नसतो.

कामगारांच्या विम्यासाठीच्या १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायद्याने चित्र बदललं. ११ जुलै १९५४ ला ही योजना नागपुरात आली, मुंबईच्या आधी. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मुंबईत खाजगी डॉक्टरांचं पॅनल होतं, त्यातला एक कामगाराने निवडायचा. इकडे 'ईएसआय' म्हटलं की नेमून दिलेला दवाखानाच डोळ्यांसमोर येतो. शिवाय विमाधारक कामगाराला त्याच जखमेसाठी मालकाकडून १९२३ च्या कायद्याखाली भरपाई मागता येत नसे, आणि कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवतं. तिथे निवडीचा प्रश्नच मिटला. ज्यांचा पगार विम्याच्या मर्यादेच्या वर होता (२०१७ पासून ही मर्यादा २१,००० रुपये) आणि जे उमरेड, सावनेर, कामठीकडच्या खाणींत होते, त्यांच्यासाठी जुनाच कायदा राहिला. एकाच जिल्ह्यात, एकाच प्रकारच्या जखमेला दोन रस्ते.

खरी मेख १९२३ च्या कायद्याच्या १९८४ मधल्या दुरुस्तीत आहे. कायद्याच्या अनुसूचीत काही जखमांचे टक्के आधीच छापलेले आहेत: अंगठा गेला तर ३०, पूर्ण तर्जनी १४, चारही बोटं ५०. तिथे डॉक्टरच्या मताला फारसा वाव नाही. पण मनगट आखडलं, पाठीचा मणका दबला, खांदा वर जात नाही, अशा अनुसूचीबाहेरच्या जखमांचं काय? दुरुस्तीने उत्तर दिलं: कमावण्याची क्षमता किती घटली ते 'पात्र वैद्यकीय व्यावसायिक' ठरवेल. झालं. या तीन शब्दांवर तेव्हापासून कामगार न्यायालयांत किती दिवस खर्ची पडले असतील, कल्पना करवत नाही.

कारण डॉक्टर मोजतो ते सांधा किती अंशांत वळतो. कमाई किती बुडाली हे त्याने कुठल्या यंत्रावर मोजायचं? समजा वेल्डरच्या उजव्या मनगटाला ३० टक्के अपंगत्व लिहिलं. मालकाच्या विमा कंपनीचा वकील विचारतो, हे ३० टक्के हाताचे की सगळ्या शरीराचे? तुम्ही याच्यावर उपचार केले होते का? हा काम काय करतो, ठाऊक आहे? उपचार करणाऱ्यानेच दाखला द्यावा, असं कायद्यात कुठेही नाही. हाडांचा तज्ज्ञच हवा, असंही नाही, नोंदणी पुरते. तरी हे प्रश्न विचारले जातात, आणि ज्याने एकदाच तपासून दाखला दिला तो डॉक्टर त्यांत अडकतो. म्हणून अनुभवी वकील मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी हॉस्पिटलांच्या कागदांवर भर देतात. सरकारी शिक्का असला की उलटतपासणी लवकर आटोपते.

शरीराचे टक्के आणि कमाईचे टक्के वेगळे असू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच सांगितलं होतं. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाई १०० टक्के गेली असं धरलं गेलं. माझ्या मते १९८४ च्या दुरुस्तीने हा साधा शहाणपणा पुन्हा डॉक्टरच्या टेबलावर नेऊन ठेवला.

टक्क्यांचं मोल किती, तेही पाहा. ३ जानेवारी २०२० पासून भरपाईसाठी महिना १५,००० पर्यंतचा पगार धरतात. कायद्यात वयानुसार गुणक छापलेले आहेत; तीस वर्षांच्या कामगाराचा २०७.९८. पगाराच्या ६० टक्के म्हणजे ९,००० गुणिले हा आकडा, की पूर्ण अपंगत्वाचे १८,७१,८२० रुपये होतात. एका टक्क्याला अठरा हजार सातशेच्या वर. दोन डॉक्टरांच्या दाखल्यांत दहा टक्क्यांचा फरक पडला, तर पावणेदोन लाखांहून जास्त रक्कम इकडची तिकडे होते. कारखान्याचा डॉक्टर १५ लिहितो आणि बाहेरचा ४० का लिहितो, हे यावरून ताडता यावं. दोघांपैकी कोणी खोटं बोलत असेलच असं नाही.

आणि औषधपाण्याचं काय? या कायद्यात ते नव्हतंच. १९२४ पासून थेट १८ जानेवारी २०१० पर्यंत, तुटलेल्या बोटाला किंमत होती, त्या बोटाच्या ऑपरेशनला नव्हती. २००९ ची दुरुस्ती त्या दिवशी लागू झाली, 'वर्कमन' जाऊन 'एम्प्लॉयी' आला, आणि उपचारांवर प्रत्यक्ष झालेला खर्च मालकाने भरून द्यावा असं पोटकलम जोडलं गेलं. कुठल्या हॉस्पिटलात, किती रुपयांपर्यंत, याचा उल्लेख त्यात नाही. डॉक्टर निवडायचा हक्क कुठल्याच कायदेमंडळाने समोरच्या दाराने दिला नाही. मिळाला तो या बिलांच्या पोटकलमातून. धंतोली-रामदासपेठेतल्या खाजगी हॉस्पिटलांची बिलं दाव्यांना जोडता येऊ लागली ती त्याच्या आधाराने.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ आणि १९४८ च्या कायद्यांच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली. घरून कामावर जाता-येतानाचा अपघातही काही अटींवर तिच्यात आला आहे. खर्चाच्या परतफेडीची तरतूद तिच्यात आहे. आणि नोटीस पोचल्यापासून तीन दिवसांत मालकाने देऊ केलेली ती फुकट तपासणी, तीही जशीच्या तशी आहे.