मल्टिप्लायरचं कुलूप

कॉम्प्युटरच्या बोर्डावरचा क्रिस्टल (घड्याळाचा ठोका देणारा भाग) बदलून मशीन ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याचे, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगचे, प्रकार 1980च्या दशकातही होत. पण आज बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जे पर्याय दिसतात, किंवा दिसत नाहीत, त्यांचं मूळ 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटेलने मल्टिप्लायरला लावलेल्या कुलपात आहे. बसच्या, म्हणजे बोर्डाच्या मूळ घड्याळाच्या, वेगाला ज्या आकड्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो, तो मल्टिप्लायर.

तेव्हा बाजारात खोट्या आकड्यांच्या चिपा फिरत. कमी वेगाची चिप घ्यायची, तिच्यावरचा आकडा खोडून वरचा छापायचा आणि महाग विकायची. गिऱ्हाईक फसत होतं, हे खरंच. कुलपामागचं कारण म्हणून हेच पुढे केलं गेलं.

तरी बस मोकळी राहिली, आणि इंटेलचा 1998चा प्रोसेसर सेलेरॉन 300ए त्याच फटीतून गाजला. मल्टिप्लायर 4.5ला बांधलेला, बस 66 मेगाहर्ट्झची. ती 100 केली की स्वस्तातली ही चिप 450वर चाले. बोर्डावर सोय नसेल तर लोक बी21 या पिनवर टेप चिकटवत. 128 केबी कॅश (प्रोसेसरची जवळची मेमरी) चिपमध्येच आणि पूर्ण वेगाची, त्यामुळे कितीतरी महाग पेंटियम टूलाही ती टक्कर देई.

जानेवारी 2011मध्ये फट बुजली. इंटेलच्या सँडी ब्रिज पिढीत प्रोसेसरसोबत पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्डांची जोडणी) आणि साटाही (डिस्कची जोडणी) 100 मेगाहर्ट्झच्या एकाच घड्याळाला जोडले गेले, त्यामुळे ते घड्याळ चार-पाच टक्क्यांपुढे नेणं अवघड झालं. मोकळा मल्टिप्लायर हवा तर नावात ‘के’ असलेली चिप घ्यावी लागे: तेव्हा आय5-2500ची घाऊक किंमत 205 डॉलर होती, 2500केची 216. बोर्डही पी67 चिपसेटचा लागे. एच67वर ‘के’चा उपयोग नव्हता. फरक 11 डॉलरचाच, असं म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. फसवणूक रोखायला लावलेल्या कुलपाची किल्ली इथे विकायला ठेवली गेली.

2015मध्ये इंटेलच्या स्कायलेक पिढीत घड्याळ सुटं झालं आणि वर्षाच्या शेवटी काही बोर्डांवर ‘के’ नसलेल्या चिपाही पळू लागल्या. 2016च्या सुरुवातीला नव्या बायोसमधून तीही वाट बंद झाली. 2017मध्ये प्रतिस्पर्धी एएमडीने डेस्कटॉपचे सगळे रायझन प्रोसेसर मोकळ्या मल्टिप्लायरचे आणले. तिथेही ओव्हरक्लॉकिंगला ए320 चिपसेटचा बोर्ड मात्र चालत नाही.

रॅमचं उलट झालं. 2007मध्ये डीडीआर3 रॅमसोबत एक्सएमपी, म्हणजे वाढीव वेगाची तयार सेटिंग, आलं. वेग, टायमिंग, व्होल्टेज सगळं स्टिकमध्येच लिहिलेलं. म्हणून 3600ची डीडीआर4 रॅम पहिल्यांदा लावल्यावर कमी वेग दाखवते आणि खोक्यावरचा आकडा मिळवायला एक्सएमपी चालू करावं लागतं. दुकानात उघडपणे विकलेला हा वेग प्रोसेसरच्या वॉरंटीच्या हिशेबात मात्र ओव्हरक्लॉकिंगच धरला जातो.