‘आज नको’ म्हणजे नकार नव्हे: लसीकरणातली शंका आणि नकार

लसीकरण सत्राची नोंद असो, आढावा बैठक असो की वर्तमानपत्रातली बातमी, ‘पालकांचा विरोध’ हे दोन शब्द सगळीकडे ठोकून दिलेले असतात. बाळाला घेऊन, कार्ड सांभाळून अंगणवाडीपर्यंत आलेली आणि ‘सिस्टर, आज नको, सर्दी आहे त्याला’ म्हणणारी आई त्यातच. आशाताईला दारातूनच परत पाठवणारा बापही त्यातच. पहिलीला शंका आहे, दुसऱ्याचा नकार आहे. दोघांना एकच भाषण ऐकवलं की दुसरा आहे तिथेच राहतो, पण पहिली हातची जाते.

नकार कसा दिसतो हे या कामातल्या प्रत्येकीला माहीत आहे. सत्राला येत नाहीत, कार्ड दाखवत नाहीत, ‘आमच्या घरात कुणाला टोचत नाही’ म्हणून मोकळे होतात. पल्स पोलिओत यासाठी चांगली शिस्त होती. घरातली सगळी मुलं झाली तर भिंतीवर ‘पी’, राहिली तर ‘एक्स’. त्या एक्समध्येही आजारी बाळाचं घर वेगळं, गावाला गेलेल्यांचं वेगळं, कुलूप लावलेलं वेगळं, नकाराचं वेगळं. खडूच्या दोन अक्षरांत जो फरक मावत होता तो नेहमीच्या लसीकरणाच्या नोंदीत का मावत नाही, कळत नाही.

घोळ होतो तो ‘आज नको’पाशी. वाक्य एकच, पण त्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. ऐकल्याबरोबर लशीचे फायदे सुरू करू नयेत. एकच प्रश्न विचारावा, ‘ताई, नेमकी कशाची काळजी वाटते?’ आणि गप्प राहावं. हे गप्प राहणं बहुतेकींना जमत नाही, कारण मागे रांग असते. पण उत्तर ऐकायला अर्धं मिनिट पुरतं.

उत्तरात बाळाचं शरीर आलं (सर्दी, ताप, मांडीची गाठ, एका दिवसात तीन सुया) तर ती शंका. उत्तरात दुसरं माणूस आलं (‘सासूबाई नको म्हणतात’, ‘ह्यांना विचारावं लागेल’) तर पाऊल नकाराकडे पडलेलं असू शकतं, आणि निर्णय समोरच्या बाईच्या हातात नाही हे आपल्याला कळलेलं असतं. उत्तरात तारीख आली (‘परवा कारखान्यावर निघायचंय’) तर ती ना शंका, ना नकार, ती अडचण. ऊसतोडीला निघालेल्या आईला लशीचं महत्त्व पटवत बसणं म्हणजे तिचा वेळ खाणं. तिला तीनच गोष्टी सांगाव्यात: कार्ड सोबत ने, कुठल्याही सरकारी केंद्रावर पुढचा डोस मिळतो, आणि मध्ये डोस चुकला तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. आधीच्या डोसाला चार आठवडे झाले असतील तर आजच देऊन मोकळं करावं.

एवढ्यावर कळलं नाही तर दुसरी खूण बघायची: उत्तर दिल्यावर काय होतं? शंका असेल तर ती मिटते, किंवा पुढचा प्रश्न त्याच विषयावर येतो. नकार असेल तर विषयच बदलतो. तापाचं सांगितलं की ऑटिझम, ते सांगितलं की कंपन्या, मग ‘पुढे मुलं होत नाहीत म्हणे’. तिसऱ्यांदा विषय बदलला की उत्तरं थांबवावीत.

शंकेला मात्र उत्तर द्यायचं ते थोडक्यात, आकड्यासकट, आणि लगेच लस द्यायची. सर्दी, खोकला, हलका ताप, साधे जुलाब, कमी वजन, चालू असलेलं अँटिबायोटिक, यांपैकी कशासाठीही लस पुढे ढकलायची नसते. दवाखान्यात भरती करण्याइतकं आजारी बाळ, किंवा आधीच्या डोसाला तीव्र अ‍ॅलर्जी झालेलं बाळ, हा वेगळा विषय. ते डॉक्टरांकडेच पाठवावं. दुःख असं की ‘सर्दी आहे, पुढच्या वेळी या’ हे वाक्य कित्येकदा आईचं नसतंच, टेबलापलीकडून आलेलं असतं. आणि पुढच्या महिन्यात तीच आई सर्दीचं कारण सांगते तेव्हा तिची नोंद ‘विरोध’ म्हणून होते!

तीन सुयांचंही तसंच. दीड महिन्याच्या सत्रात पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) डाव्या मांडीत, न्यूमोनियावरची न्यूमोकोकल उजव्या मांडीत, पोलिओचं इंजेक्शन उजव्या दंडावर कातडीत, शिवाय तोंडातून पोलिओ आणि जुलाबावरच्या रोटा लशीचे डोस. हे आधी सांगितलं तर आई बाळाचे पाय धरायला तयार असते. न सांगता तिसरी सुई उचलली की तिचा चेहरा बदलतो.

सगळ्यात वाईट उत्तर म्हणजे ‘काही होत नाही’. पेंटानंतर ताप येतो, मांडी सुजते, बाळ किरकिर करतं. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत ओसरतं. हे दुपारी सांगितलेलं असलं तर रात्री आलेला ताप म्हणजे ‘सिस्टर म्हणाल्या होत्या तसंच’. ‘काही होत नाही’ म्हटलेलं असलं तर तोच ताप म्हणजे सिस्टर खोटं बोलल्या. मग अडीच महिन्याच्या डोसाला सासूबाई बोलतात, साडेतीनच्या डोसाला कुणी येतच नाही. शंकेचा नकार असा आपल्याच टेबलावर तयार होतो.

म्हणून तापाचं सांगायचं तर पूर्ण सांगावं. मांडी चोळू नये, शेकू नये. हवं तर गार पाण्याची घडी ठेवावी. ताप आला तरच पॅरासिटामॉल, तेही वजनावर: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान सहा तास. पाच किलोच्या बाळाला ५० ते ७५ मिलिग्रॅम. एका मिलीत १०० मिलिग्रॅम असलेल्या ड्रॉप्समधून ते अर्धा ते पाऊण मिली होतं. पाच मिलीत १२५ असलेल्या सिरपमधून दोन ते तीन मिली. इथेच घरोघरी चूक होते. सिरपचं माप ड्रॉप्सच्या बाटलीतून दिलं की डोस चौपट होतो. ‘ताप आला तर औषध द्या’ एवढं पुरत नाही. कुठली बाटली आणि किती मिली हे कागदावर लिहून द्यावं.

गोवर-रुबेलाची गोष्ट निराळी. तिचा ताप किंवा अंगावरचं पुरळ साधारण आठवडा-दीड आठवड्याने येतं. तोवर आई लस विसरलेली असते आणि ‘लस देऊनही गोवर आला’ अशी बातमी वाडीभर होते. क्षयावरच्या बीसीजी लशीची पुळी तर दोन-तीन आठवड्यांनी उठते, पिकते, व्रण ठेवून बरी होते. तिच्यावर हळद, मलम काही लावायचं नाही. व्रण उठला नाही तरी पुन्हा टोचायचं नाही.

घाबरायचं कधी, हेही त्याच दमात सांगावं: झटका, श्वास लागणं, अंग सैल पडणं, तीन तासांवर न थांबणारं रडणं, दूध न ओढणं, दोन दिवसांपुढे राहिलेला ताप. यांपैकी काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. टोचल्यावर केंद्रावर अर्धा तास थांबायचं ते याचसाठी, हे सांगितलं की आई थांबते. नुसतं ‘बसा’ म्हटलं की पाचव्या मिनिटाला उठते.

‘आधीचे दोन्ही झालेत, मग परत कशाला?’ ही २०२२च्या गोवर साथीत, गोवराच्या लशीचा जादा डोस देताना, मुंबईतल्या गोवंडीपासून ऐकू आलेली शंकाच होती, नकार नव्हता. जादा डोस साथीपुरता, तो बाधत नाही आणि वेळापत्रकातले डोस वेगळे धरायचे, एवढं उत्तर तिला पुरतं.

नकारासमोर माहिती कमी, ऐकणं जास्त. आधीच्या मुलाला टोचलेल्या जागी गळू झालं होतं का, केंद्रावर कुणी टाकून बोललं होतं का, हे विचारावं. बरेचदा खरं कारण तिथे सापडतं. ‘मी एक सांगू का?’ असं विचारून एकच मुद्दा सांगावा. ऑटिझमचं निघालं तर सरळ सांगावं की लशीशी त्याचा संबंध जोडणारा १९९८चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. रेशन बंद होईल, शाळेत घेणार नाहीत असली धमकी कधीच नको. ती खोटी ठरते आणि पुढच्या प्रत्येक सिस्टरला भोवते. निर्णय ज्याच्या हातात आहे तो घरी असतो त्या वेळी परत जावं, त्याचा विश्वास असलेल्या डॉक्टरला किंवा शेजाऱ्याला सोबत घेऊन. आणि नोंदीत ‘विरोध’ न लिहिता कोण नको म्हणालं, कशामुळे, परत कधी जायचं, हे तीन रकाने भरावेत. पुढच्या महिन्यात कदाचित दुसरीच सिस्टर त्या दारात उभी असेल.