पारंपरिक उपासनेची पुनःस्थापना (कॅथलिक)

लॅटिन प्रार्थना, ग्रेगोरियन गायन (चर्चचे जुने लॅटिन स्तोत्रगायन), वेदीकडे तोंड करून अर्पण केलेली मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना), धूप, प्रदीर्घ मौन, गुडघे टेकून जिभेवर स्वीकारलेले ख्रिस्तशरीर (मिस्सेत पवित्र केलेली भाकर) अशा जुन्या पद्धती धर्मगुरूंनी आजच्या धर्मग्रामात (एका चर्चच्या भाविकसमुदायात) पुन्हा सुरू करणे, म्हणजे पारंपरिक उपासनेची पुनःस्थापना. हा शब्द अर्धाच खरा आहे. १९६९ पूर्वीची मिस्सा ज्यांनी पाहिली ते आता वृद्ध झाले आहेत; तरुणांना आणि परक्या मुलखातून आलेल्या कुटुंबांना यातले बरेचसे पहिल्यांदाच दिसते.

पोप पाचवे पायस यांनी १५७० मध्ये प्रसिद्ध केलेला मिस्साग्रंथ किरकोळ फेरफारांसह जवळपास चारशे वर्षे चालला. त्याची शेवटची आवृत्ती १९६२ ची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या बिशपांची सभा, १९६२-६५) पोप सहावे पॉल यांचा नवा ग्रंथ ३० नोव्हेंबर १९६९ रोजी, आगमनकाळाच्या (नाताळपूर्वीच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या रविवारी, अंमलात आला. परिषदेनंतरच्या या वर्षांत लोकभाषा आली आणि बहुतेक ठिकाणी धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. जुन्या ग्रंथाची मिस्सा पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये बरीच मोकळी केली, तर पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये ती पुन्हा बिशपांच्या परवानगीखाली आणली.

जुनी मिस्सा की नवी, या वादाच्या गदारोळात एक गोष्ट सतत निसटते. धर्मगुरू जे ‘परत आणतात’ त्यातले पुष्कळसे आजच्या नियमांतही बसते. परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लॅटिन टिकवायला आणि इतर बाबी समान असतील तेव्हा ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान द्यायला सांगितले होते. नव्या मिस्साग्रंथात तर काही जागी धर्मगुरूने ‘लोकांकडे वळून’ बोलावे, अशी सूचना छापलेली आहे. आधीच लोकांसमोर असलेल्याला वळायला कशाला सांगायचे? वेदीकडे तोंड करूनही मिस्सा अर्पण करता येते, हे या ग्रंथाने गृहीत धरले आहे, असे त्या दोन शब्दांतून दिसते.

सुरुवात कुठून करावी, हा खरा कौशल्याचा भाग. ‘किरिये एलेइसॉन’ सर्वांत सोयीचे: ग्रीक भाषेतले दोनच शब्द, अर्थ ‘हे प्रभू, दया कर’. आधी गायकाने म्हणायचे, मग सर्वांनी. पुस्तक हातात नसलेल्यालाही ते दोन-तीन रविवारांत येते. नंतर ‘सांक्तुस’ (‘पवित्र’), ‘आग्नुस देई’ (‘देवाचे कोकरू’) ही मिस्सेतली लॅटिन गीते. पोप सहावे पॉल यांनी १९७४ मध्ये सोप्या लॅटिन गीतांची ‘युबिलाते देओ’ ही छोटी पुस्तिका जगभरच्या बिशपांना पाठवली, ती याच हेतूने. एकाच धर्मग्रामात चार भाषांचे लोक येऊ लागले की तिची किंमत कळते. लोकभाषेतल्या मिस्सेत ज्याची भाषा निवडली त्याला आपलेपणा वाटतो, बाकीचे पाहुणे ठरतात. लॅटिनमध्ये मात्र सगळेच सारखे शिकाऊ असतात.

दिशेचा बदल अधिक नाजूक. ‘फादरांनी आमच्याकडे पाठ फिरवली’ हे वाक्य हमखास ऐकू येते आणि त्यामागचे दुखावलेपण खरे असते. धर्मगुरू आणि लोक एकाच दिशेला, येणाऱ्या प्रभूकडे, तोंड करून उभे असतात हा अर्थ प्रवचनांतून आधीच सांगितला नसेल, तर लोकांना दिसते ती फक्त पाठ. अनेक धर्मगुरूंची घिसाडघाई इथेच नडते. आगमनकाळापुरता किंवा आठवड्यातल्या एकाच मिस्सेपुरता बदल करून लोकांचे म्हणणे ऐकणे केव्हाही बरे.

ख्रिस्तशरीर स्वीकारण्याबाबत तर धर्मगुरूच्या आवडीला मर्यादाच आहे. २००४ च्या व्हॅटिकन सूचनेनुसार जिभेवर स्वीकारण्याचा हक्क प्रत्येक भाविकाला कायम आहे; कोणी उभे आहे किंवा गुडघ्यांवर आहे, एवढ्यावरून त्याला नाकारता येत नाही; आणि जिथे हातावर देण्याची मुभा आहे तिथे हात पुढे करणाऱ्याला हातावरच द्यायचे असते. धर्मगुरू वेदीपुढचा कठडा (जिथे लोक गुडघे टेकून ख्रिस्तशरीर घेतात) पुन्हा बसवू शकतात, पण त्या कठड्याशी कोणी उभ्यानेच तळहात पुढे केला, तर ख्रिस्तशरीर त्या तळहातावरच ठेवावे लागते.