डुकरीण गाभडली, घरात कोणाला ताप चढून भ्रम झाला: जपानी मेंदूज्वराचा संशय कुठे कळवायचा, कागद काय लागतात (ठाणे-नवी मुंबई)

मागच्या पावसाळ्यात ठाण्याच्या दिवा गावाजवळच्या एका वस्तीत एका डुकरिणीला आठ पिल्लं झाली, त्यातली पाच मेलेली, आणि ती पण एका मापाची नाहीत, एक पूर्ण वाढलेलं, दोन मुठीएवढी आणि बाकीची काळी पडून आमसुलासारखी वाळलेली. मालकाने गोणीत भरून खाडीत टाकून दिली. मी विचारलं, दादा, कळवलंत का कुठे? तर म्हणाले डुकरं पाळायचं लायसन नाही आपल्याकडे, कुठल्या तोंडाने सांगू.

म्हणून आधी कोण कळवू शकतं ते सांगते. २००९ चा केंद्राचा कायदा आहे, जनावरांच्या संसर्गजन्य रोगांवरचा, त्याच्या यादीत जपानी मेंदूज्वर (जेई) आहे, डासांमुळेच पसरणारे वेस्ट नाईल आणि रिफ्ट व्हॅली फीव्हर पण आहेत. जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने नुसता संशय आला तरी कळवायचं, खात्री करून द्यायची जबाबदारी त्याची नाही. लायसन असेल तरच कळवा असं त्यात कुठेही नाही. मुरबाड-शहापूरकडे असाल तर ग्रामपंचायतीत सांगा, तिथून जवळच्या पशुवैद्यकाकडे लेखी जातं. शहरात असाल तर जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, नाहीतर १९६२ वर फोन, टोल फ्री आहे.

कळवणं इतकं महत्त्वाचं का, तर डुक्कर स्वतः फारसं आजारी दिसतच नाही पण त्याच्या रक्तात विषाणू भरपूर वाढतो, बगळ्यांच्या पण, आणि भातखाचरात, साचलेल्या पाण्यात होणारा क्युलेक्स डास तो माणसापर्यंत आणतो. माणसाकडून माणसाला होत नाही. म्हणजे गाभण डुकरिणीची अशी मेलेली पिल्लं हीच आपल्याला मिळणारी पहिली खूण. ती जेईचीच असेल असं नाही, पार्व्हो नावाच्या डुकरांच्या दुसऱ्या विषाणूने पण असं होतं, पण ते लॅबला ठरवू दे.

फोन करताना हाताशी काय ठेवायचं: कानात बिल्ला असेल तर त्याचा १२ अंकी नंबर, एकूण जनावरं किती, कधी गाभडली ती तारीख, फोटो आणि लोकेशन. बास. मेलेलं पिल्लू उघड्या हाताने उचलू नका, डॉक्टर येईपर्यंत पुरू नका आणि खाडीत तर नकोच. नमुना डॉक्टरच घेतात आणि बर्फात ठेवून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवतात, आपण कुरिअर करायचा नसतो. विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा, बिल्ला आणि पोस्टमॉर्टेमचा कागद नसेल तर क्लेम अडकतो.

आता माणसांचं. डास चावल्यापासून ५ ते १५ दिवसांनी लक्षणं येतात. बहुतेकांना काहीच होत नाही, पण ताप आहे आणि माणूस असंबद्ध बोलतोय, ओळखत नाहीये, झटके येतायत तर घरी थांबू नका, सरळ मोठ्या सरकारी हॉस्पिटलला न्या, कारण गंभीर केसमध्ये दहातले तीन जण दगावू शकतात आणि या विषाणूवर खास असं औषध नाही. पाठीतल्या पाण्याची आणि रक्ताची आयजीएम टेस्ट (ताज्या संसर्गाच्या अँटीबॉडी शोधणारी) होते. पाठीतून पाणी काढायचं म्हटलं की घरचे घाबरतात, पण पक्कं निदान त्यातूनच होतं, नाही म्हणू नका. आजार सुरू झाल्यापासून अँटीबॉडी दिसायला ३ ते ८ दिवस लागतात, त्यामुळे पहिली टेस्ट निगेटिव्ह आली तरी डॉक्टर परत मागतील तेव्हा द्या.

सोबत आधार, रेशनकार्ड आणि लहान मूल असेल तर लसीकरणाचं कार्ड घ्या, पण कागद शोधण्यात वेळ घालवू नका, ते मागून कोणीही आणून देईल. मागच्या १५ दिवसांत पेशंट कुठे कुठे गेला होता ते आणि घराजवळ डुकरं आहेत का ते स्वतःहून सांगा. आणि फॉर्मवर पत्ता लिहिताना आधारवरचा गावचा पत्ता नको, नवी मुंबईत दिघ्यात भाड्याने राहत असाल तर ती चाळ, तो रूम नंबर लिहा. डास तपासायला आणि फवारणीला टीम त्याच पत्त्यावर जाते.