नॉर्विच आणि नॉरफोक: कानांवरून झालेली वाटणी

1964 साली ब्रिटनमध्ये टेरियर, म्हणजे शिकारी लहान कुत्र्यांच्या एका जातीच्या दोन जाती झाल्या. ज्यांचे कान उभे, ते नॉर्विच टेरियरच राहिले; ज्यांचे कान पुढे दुमडलेले, त्यांना नॉरफोक टेरियर हे नवं नाव मिळालं. नॉर्विच हे शहर नॉरफोक परगण्यातलंच, त्यामुळे नावावरून कोण कोणता ते कळत नाही. म्हणून एक खूण सांगतात: 'विच' म्हणजे चेटकीण, तिची टोपी टोकदार, तसे नॉर्विचचे कान; नॉरफोकचा मुलूख सपाट, तसे दुसऱ्याचे.

मूळ कुळी एकच. 1880च्या दशकात केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना खोलीवर ठेवायला उंदीर मारणारी लहान कुत्री हवी होती. तिथल्या ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवरून त्यांना ट्रम्पिंग्टन टेरियर म्हणत. पुढे ती तबेल्यांत आणि कोल्ह्याच्या शिकारीत रुळली. अमेरिकेत विकणाऱ्याच्या आडनावावरून ती जोन्स टेरियर झाली. कानांची पंचाईत तेव्हा नव्हती, कारण पुष्कळांचे कान छाटलेलेच असत. कान छाटायची चाल बंद पडली, तेव्हा जन्मजात फरक डोळ्यांत भरू लागला.

1932 साली ब्रिटनमध्ये जातीला मान्यता मिळाली, पण दोन्ही कान एकाच वर्गात. दोघांचा संकर केला तर कान धड उभे नाहीत, धड पडलेले नाहीत, अशी पिल्लं निघत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर पडलेल्या कानांची कुत्री जवळजवळ संपली होती. मोजक्या पाळणाऱ्यांनी चिकाटीने ती टिकवली. म्हणून 1964चा निर्णय मला योग्यच वाटतो: वेगळं नाव मिळालं नसतं तर हे कान कुत्र्यांच्या प्रदर्शनांतून नाहीसे झाले असते. त्याची किंमतही मोठी होती. आधीच लहान असलेल्या जातीचं रक्त दोन ठिकाणी विभागलं गेलं. अमेरिकेने हीच वाटणी 1979 साली केली.

बाकी ठेवण सारखीच. खांद्याशी उंची सुमारे 25 सेंटिमीटर, वजन पाचेक किलो, केस तारेसारखे राठ. रंग तांबूस, गव्हाळ, काळा-तांबडा किंवा करडा. कामात झालेल्या जखमांचे व्रण प्रदर्शनात दोष धरत नाहीत, आणि हे मला फार आवडतं. उभ्या कानांच्या नॉर्विचला मात्र श्वासाचा त्रास पुष्कळदा होतो. 2019 साली त्याच्याशी निगडित जो जनुकबदल सापडला, तो बुलडॉगमध्येही सर्रास आढळतो. नॉर्विचचं नाक मात्र बुलडॉगसारखं चपटं नाही, म्हणजे दोष एकट्या चपट्या नाकाचा नाही.